टोप्यांच्या दुकानातली लिझी

आम्ही शाळेवर होतो तेव्हा चित्रकलेच्या तासाला एखाद्या पोराला स्टुलावर बसवीत असू. बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून त्याचे चित्र काढायचे. "हलायचं नाही बरं का," असे किती बजावले तरी पाच मिनिटांत तो नाक खाजवी. दहा मिनिटांनी म्हणे, "गुरुजी, पायाला मुंग्या आल्या." मग दुसरा पोरगा बसे.

मंडळी, हेच काम पोटासाठी करणारी माणसे असतात. चित्रकार ज्याला समोर बसवून चित्र काढतो, त्याला मॉडेल म्हणतात. तास न् तास एका जागी राहायचे. मान वळवायची नाही, उचललेला हात खाली सोडायचा नाही. आपल्या मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतही मॉडेल बसवून चित्रकला शिकवितात. चित्राखाली नाव लागते ते चित्रकाराचे. मॉडेलचे नाव बहुधा कोणी विचारीत नाही.

ज्या मॉडेलचे नाव मागे राहिले, अशा एका बाईची हकिकत आज वाचू. ती विलायतेतली आहे.

एलिझाबेथ सिडल ही लंडन शहरात १८२९ साली जन्मली. घरची माणसे तिला लिझी म्हणत. बाप चाकू-सुऱ्या करणारा. घरात खाणारी तोंडे पुष्कळ. लिझी मोठी झाली तशी टोप्यांच्या दुकानात कामाला लागली. तिकडच्या बायका तेव्हा फितीची टोपी घालीत. अंगाने उंच, मान लांब, केस तांबडे. १८५० च्या सुमारास डेव्हरेल नावाच्या तरुण चित्रकाराला अशीच मुलगी चित्रासाठी हवी होती. पण मॉडेलच्या कामाला लोक नावे ठेवीत. म्हणून त्याने आपल्या आईला मध्ये घातले, असे सांगतात.

डेव्हरेलचे मित्रही चित्रकार होते. तेही लिझीला बसण्यासाठी बोलावू लागले. त्यांतला एक मिले. तोही तिच्याच वयाचा. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकात ओफेलिया नावाची मुलगी ओढ्यात बुडून मरते. (हे नाटक आगरकरांनी १८८३ साली 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणले.) मिलेने ओढा आणि झाडेझुडपे नदीकाठी बसून रंगविली. मुलगी तेवढी राहिली होती. थंडीचे दिवस आले. त्याने चार पौंडांना एक जुना जरीचा झगा विकत घेतला, तो लिझीला घातला, आणि तिला घरात पाण्याने भरलेल्या टबात उताणी झोपविली. पाणी कोमट राहावे म्हणून टबाखाली दिवे लावले.

एके दिवशी दिवे विझले. मिले चित्रात इतका गुंग की त्याला पत्ताच नाही. पाणी गार पडले. लिझी बोलली नाही. हलायचं नाही, हे तिचे काम होते ना! उठली ती हुडहुडी भरूनच. ती चांगलीच आजारी पडली. बाप चिडला. पन्नास पौंड द्या, नाहीतर कोर्टात खेचतो, म्हणाला. शेवटी मिलेने डॉक्टरचे बिल भरले. ते चित्र १८५२ साली लोकांपुढे आले. आज ते लंडनच्या टेट चित्रसंग्रहात आहे. लोक त्याच्यासमोर उभे राहून फुले बघतात, पाणी बघतात. पाणी किती गार होते ते चित्रात दिसत नाही.

त्याच मंडळींत रोझेटी नावाचा चित्रकार होता. तो कवीही होता. त्याचा लिझीवर जीव जडला. मग तो दुसरे फारसे काढीचना. लिझी खुर्चीत बसलेली, लिझी वाचताना, लिझी डोळे मिटून. एक खणच्या खण तिच्या चित्रांनी भरला होता, असे त्याच्या एका मित्राने रोजनिशीत लिहून ठेवले आहे. बसता बसता लिझी स्वतः हातात पेन्सिल घेऊन काढायला शिकली. १८५५ साली रस्किन या मोठ्या लेखकाने तिची चित्रे विकत घेतली आणि वर्षाला दीडशे पौंड देऊ केले. गांधीजींनी ज्यांच्या पुस्तकावरून 'सर्वोदय' लिहिले, तेच हे रस्किन. १८५७ साली या चित्रकारांनी प्रदर्शन भरविले, त्यात चित्रे मांडणारी बाई ती एकटीच.

पण प्रकृतीने साथ दिली नाही. लग्न लांबत लांबत १८६० साली झाले. पुढल्या वर्षी मुलगी झाली, ती मेलेलीच जन्मली. त्यांच्या मित्राची बायको जॉर्जियाना ही लिझीची मैत्रीण. (हिच्या बहिणीचे यजमान किपलिंग हे पुढे मुंबईच्या त्याच जे. जे. शाळेत शिकवायला आले.) नवरा-बायको दोघे लिझीला भेटायला गेले. लिझी रिकाम्या पाळण्याजवळ बसली होती. ती त्यांना म्हणाली, "हळू! बाळ उठेल."

लिझी लॉडनम नावाचे औषध घेई. ते अफू दारूत विरघळवून करीत. आपल्याकडेही रडणाऱ्या पोराला अफूची बाळागोळी देत असत, ते जुन्या माणसांना आठवत असेल. तिकडे ते कोणत्याही दुकानात मिळे. ११ फेब्रुवारी १८६२ रोजी ते जास्त झाले आणि ती गेली. वय अवघे बत्तीस.

रोझेटीने आपल्या कवितांची वही तिच्या पेटीत ठेवून दिली. नक्कल दुसरीकडे नव्हती. सात वर्षांनी, ऑक्टोबर १८६९ मध्ये, रात्रीच्या वेळी माणसे पाठवून त्याने कबर खणविली आणि वही परत काढली. स्वतः तिथे गेला नाही. कवितांचे पुस्तक १८७० साली निघाले. आम्हांला हे पटत नाही. जे दिले ते दिले.

तरी तो तिला विसरला होता असेही नाही. तिच्या मरणानंतर त्याने तिचा चेहरा आठवून मोठे चित्र केले. बाई डोळे मिटून बसली आहे, आणि एक तांबडा पक्षी तिच्या हातांशी अफूचे पांढरे फूल आणतो आहे. ते चित्रही टेटमध्ये आहे. तिने काढलेली चित्रे गोळा करून त्याने त्यांचे फोटो काढविले, हे त्याने चांगले केले. नाहीतर कित्येक गेलीच असती. २०२३ साली टेटमध्ये रोझेटी घराण्याचे प्रदर्शन भरले, तेव्हा तिची चित्रेही लोकांपुढे मांडली होती.

जॉर्जियानाने म्हातारपणी आठवणींचे पुस्तक लिहिले. ते १९०४ साली निघाले. त्यात लिझीचे केस आहेत, आजारपण आहे, तो पाळणाही आहे.

आणि एक चित्र लिझीने स्वतःचेच काढले आहे, १८५३-५४ साली, आरशात बघून. गोल, एक वीतभर रुंद. रोझेटीच्या चित्रांतली बाई त्यात नाही. ओठ मिटलेले, पापण्या जड, केस साधे बसविलेले. डोळे उघडे आहेत, आणि ती सरळ बघणाऱ्याकडे बघते आहे.