जुगाराची नवी दलाली : नवशिक्यांच्या पाच चुका

दलाली आणि अडत ह्या व्यापाराच्या जुन्या शाखा आहेत आणि त्यांत निंद्य असे काही नाही. लष्करच्या दाल बाजारात किंवा लक्ष्मीगंजच्या मंडीत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना हे सांगावयास नको. घेणाऱ्याला माल हवा असतो, विकणाऱ्याला गिऱ्हाईक हवे असते. दोघांची गाठ घालून देणारा आपल्या श्रमाचा मोबदला घेतो. ह्याच तत्त्वावर १९९६ मध्ये अमेरिकेतील ॲमेझॉन ह्या पुस्तकविक्रेत्या कंपनीने इंटरनेटवर एक योजना काढली. जो कोणी आपल्या पानावरून वाचकाला कंपनीच्या दुकानाकडे धाडील, त्याला त्या विक्रीवर हिस्सा मिळावा, अशी ती योजना होती. हिलाच ॲफिलिएट मार्केटिंग म्हणतात. माल खरा असेल तर ह्या रीतीत दोष नाही.

परंतु हीच रीत जुगाराच्या कंपन्यांनी उचलली, आणि आज ती आपल्या घरांतील तरुण मुलांपुढे 'घरबसल्या उत्पन्न' ह्या गोंडस नावाने येऊन उभी राहिली आहे. मुलाला एक लिंक आणि एक कोड मिळतो. तो त्याने टेलिग्रामवर, व्हॉट्सॲपवर किंवा इन्स्टाग्रामवर पसरावा, त्यावरून जो खाते उघडून पैसे भरील त्याच्यामागे मुलाला रक्कम मिळावी, असा हा करार. भांडवल नको, गोदाम नको, हमाल नको. आम्ही धान्याचे व्यापारी. संगणकाचे आमचे ज्ञान बेताचेच आहे. परंतु करार आणि हिशेब आम्हांला वाचता येतो, आणि ह्या धंद्याचा हिशेब वाचून पाहिल्यावर नवशिक्यांच्या ज्या चुका ध्यानात आल्या, त्या येथे क्रमाने मांडतो.

पहिली चूक ही की, 'आम्ही स्वतः खेळत नाही, केवळ लिंक पाठवितो. मग दोष कसला?' असे समजणे. आपल्या शास्त्रकारांनी कर्माची तीन द्वारे सांगितली आहेत : कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि करणाऱ्यास संमती देणे, ही तिन्ही आत्म्याला सारखीच लागतात. सप्तव्यसनांच्या गणतीत द्यूत पहिले आहे. शिवाय आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे प्रकार सांगितले, त्यांत पापोपदेश, म्हणजे दुसऱ्याला पापाच्या वाटेचा उपदेश करणे, हा स्वतंत्र प्रकार आहे. लिंक पाठविणे हा आजच्या काळातील पापोपदेशच होय. लौकिक कायद्याची दृष्टीही फार निराळी नाही. मटक्याच्या आकड्यांची चिठ्ठी लिहिणारा कारकून स्वतः आकडा लावीत नसे; तरीही मध्य प्रदेशात त्याच्यावर जुगार कायद्याच्या ४-क कलमाखाली खटला भरला जातो.

दुसरी चूक कायद्याविषयीची आहे. 'कंपनीजवळ परदेशाचा परवाना आहे', 'हा कौशल्याचा खेळ आहे', 'मोठमोठे खेळाडू ह्याची जाहिरात करतात', अशी तीन उत्तरे मुलांच्या तोंडी असतात. कॅरिबियन समुद्रातील कुरासाव बेटाचा परवाना ग्वाल्हेरच्या ठाण्यात चालत नाही. ऑनलाइन खेळांविषयीचा जो कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला आणि ज्यास २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, त्यात पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांबाबत कौशल्य आणि दैव हा भेदच ठेवलेला नाही. त्याच महिन्यात ड्रीम-११ सारख्या मोठ्या कंपनीने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. ह्या कायद्यात खेळणाऱ्यास शिक्षा सांगितलेली नाही. परंतु अशा खेळाची प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्याचे पैशांचे व्यवहार चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत. म्हणजे मुलगा ज्याला आडोसा समजतो, तीच जागा कायद्याने शिक्षेसाठी निवडली आहे. टोळीने चालविलेल्या अनधिकृत सट्ट्यास भारतीय न्याय संहितेच्या ११२ व्या कलमाखाली एक ते सात वर्षांची कैद आहे, ती वेगळीच. राहिले मोठे खेळाडू. नोव्हेंबर २०२५ मध्ये अशाच एका परदेशी सट्टा कंपनीच्या प्रचाराच्या प्रकरणात अंमलबजावणी संचालनालयाने भारतीय संघाच्या दोन माजी क्रिकेटपटूंची मिळून ११ कोटी १४ लाख रुपयांची मालमत्ता तात्पुरती जप्त केली. ज्यांच्या नावाचा दाखला मुले देतात, त्यांचीच ही गत, तर सामान्य घरच्या मुलाची काय कथा?

तिसरी चूक हिशेबाची आहे. ही दलाली आपल्या अडतीसारखीच आहे, असे नवशिक्या धरून चालतो. धान्याच्या अडतीत माल विकला गेला की दोन्ही पक्षांना काही मिळते आणि अडत्याला त्यावर हक्काची अडत मिळते. येथे गिऱ्हाईक जे हरते, त्याचाच हिस्सा दलालाला मिळतो. एक उदाहरण घेऊ. समजा, हिस्सा शेकडा ३० ठरला आणि पहिल्या महिन्यात मुलाने आणलेली गिऱ्हाइके मिळून ४०,००० रुपये हरली. मुलाला १२,००० मिळाले. घरात आनंद झाला. दुसऱ्या महिन्यात एक गिऱ्हाईक ६०,००० जिंकले आणि बाकीची मिळून २०,००० हरली. कंपनीला ४०,००० चा तोटा, म्हणून मुलाच्या नावे १२,००० उणे पडले. कित्येक करारांत ही उणे रक्कम पुढील महिन्यात ओढली जाते. आता आणखी ४०,००० रुपये कोणीतरी हरल्यावाचून मुलाला एक रुपयाही मिळावयाचा नाही. रात्री तो मुलगा कशाची वाट पाहत बसतो, ह्याचा पालकांनी विचार करावा. शेजाऱ्याचे, वर्गमित्राचे, कधी मावसभावाचे नुकसान व्हावे, हीच त्याची प्रार्थना होते. दुसऱ्याच्या हानीचे चिंतन करण्यास शास्त्रात अपध्यान म्हटले आहे आणि तोही अनर्थदंडच आहे. ज्या धंद्यात गिऱ्हाइकाचे कल्याण चिंतिले तर आपले नुकसान होते, त्याला वाणिज्य म्हणता येत नाही.

चौथी चूक जबाबदारीविषयीची. कच्ची अडत आणि पक्की अडत ह्यांतील भेद आपणांस ठाऊक आहे. कच्चा अडत्या गाठ घालून बाजूला होतो. पक्का अडत्या सौद्याची हमी स्वतःच्या अंगावर घेतो. नवशिक्या दलाल स्वतःला कच्चा समजतो, पण लोक त्याला पक्का धरतात. गिऱ्हाईक वाढविण्यासाठी तो 'आज हाच संघ जिंकणार' असे छातीठोकपणे लिहितो, जिंकल्याच्या रकमांची चित्रे दाखवितो, आणि ती पुष्कळदा बनावट असतात. खोटा माल खरा म्हणून देण्यास आपल्याकडे प्रतिरूपक व्यवहार म्हणतात आणि तो अचौर्य व्रताचा अतिचार मानला आहे. पुढे पैसे बुडाले की लोक परदेशातील कंपनीकडे जात नाहीत. ते ओळखीच्या मुलाच्या दारी येतात. महादेव बुक ह्या प्रकरणात हेच दिसून आले. हे जाळे भिलाईहून उभे राहिले. ते शहर २००० पर्यंत आपल्याच मध्य प्रदेशात होते. अंमलबजावणी संचालनालयाच्या म्हणण्याप्रमाणे ओळखीच्या लोकांना नफ्याच्या ७०-३० वाटणीवर 'पॅनल' नावाच्या शाखा वाटल्या जात आणि मुख्य सूत्रे दुबईतून हलत. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने ह्या ॲपसह २२ बेकायदा सट्टा ॲप्स व संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश दिला. सूत्रे समुद्रापार होती. पोलिसांच्या हाती पडले ते पॅनल चालविणारे आणि खाती पुरविणारे येथील तरुण.

पाचवी चूक सर्वांत घातक, कारण तिची झळ पेढीपर्यंत पोहोचते. दलालीची रक्कम घेण्यासाठी मुलगा स्वतःचे, आईचे किंवा दुकानाचे बँक खाते देतो. कधी दरमहा काही रक्कम घेऊन खातेच दुसऱ्याला वापरावयास देतो. ज्या वाटेने सट्ट्याचा पैसा फिरतो, त्याच वाटेने फसवणुकीचाही पैसा फिरतो. कोणी फसलेला मनुष्य १९३० ह्या क्रमांकावर तक्रार नोंदवितो, आणि पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला त्यांवर बँका रोख लावतात. पेढीचे चालू खाते असे अडकले तर काय होईल, हे सभासदांनी मनाशी आणावे. मंडीच्या नियमाप्रमाणे शेतकऱ्याला मालाचे पैसे त्याच दिवशी चुकते करावयाचे असतात. हुंडी थांबेल पण शेतकरी थांबणार नाही. तीन पिढ्यांची पत एका लिंकेपायी एका दुपारी जाऊ शकते. काही कंपन्या रक्कम आभासी चलनात देतात. त्याने सुटका होत नाही. अशा चलनाच्या हस्तांतरातील नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून शेकडा ३० कर आहे, आणि ती रक्कम कोठून आली ह्याचे उत्तर द्यावेच लागते.

ह्या पाचही चुकांचे मूळ एकच आहे : पैसा कोणाच्या खिशातून आणि का येतो, हा प्रश्न न विचारणे. म्हणून प्रत्येक घरी पुढील दक्षता घ्यावी. मुलाने नवे उत्पन्न सांगितले, तर माल कोणता आणि गिऱ्हाइकाला त्यातून काय मिळाले, हे प्रथम विचारावे. पेढीचे खाते, त्याचा मोबाइल क्रमांक आणि चेकबुक कोणाच्या हाती देऊ नये; महिन्याचे विवरण थोरल्याने स्वतः वाचावे. खाते भाड्याने मागणारा नातलग असला तरी त्यास नकार द्यावा. मुलगा अडकलाच असेल, तर त्याच्यावर रागावून गोष्ट दडपू नये. लिंका आणि गट बंद करवावेत, सर्व संदेश व व्यवहार जपून ठेवावेत, आणि वकिलाच्या सल्ल्याने स्वतः पुढे होऊन ठाण्यात माहिती द्यावी. लपविलेली गोष्ट दर महिन्याला व्याजासह वाढते.

ज्या मुलाला इंटरनेटवर गिऱ्हाईक जोडता येते, त्याच्या अंगी व्यापाराचा मोठा गुण आहे. त्याला आपल्या डाळीचे, मसाल्याचे, कापडाचे गिऱ्हाईक जोडावयास लावावे आणि त्या विक्रीवर त्याचा हिस्सा त्याला उघडपणे, वहीत लिहून द्यावा. पेढीच्या गादीवर त्याच्यासाठी जागा केली, तर ती मिळविण्यासाठी त्याला परक्याच्या जुगाराचा दरवान व्हावे लागणार नाही. सभासद बंधुभगिनींनी ह्या विषयाचा आपापल्या घरी विचार करावा, अशी नम्र विनंती आहे.