नावातील शेवटची वेलांटी

विद्यार्थ्यांची माहिती संगणकीय अर्जात भरताना कळ दाबली की अक्षर उमटते, एवढेच शिक्षकाच्या दृष्टीस पडते. त्यामागे जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेल्या आज्ञा काम करीत असतात. त्या केवळ इंग्रजी कळफलक डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या गेल्या असल्यास मराठी नावांची मोठी आबाळ होते.

‘ज्ञानेश्वरी’ हे मुलीचे नाव घ्यावे. वाचताना अक्षरे चारच. संगणक मात्र ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र आणि दीर्घ वेलांटी अशी ११ चिन्हे मोजतो. रकान्याची मर्यादा १० चिन्हांची असेल तर शेवटची वेलांटी उमटतच नाही, आणि नोंद होते ती ‘ज्ञानेश्वर’ अशी! घाईत हे ध्यानात येत नाही. दाखला हाती पडल्यावर येते. मर्यादा ठरविणाऱ्याने ती दिसणाऱ्या अक्षरांवरून ठरवू नये, चांगली ऐसपैस ठेवावी.

दुसरी अडचण कळीविषयीची आहे. जावास्क्रिप्टला दोन निराळ्या वार्ता मिळतात. कळ दाबल्याची वार्ता ‘कीडाउन’, तर रकान्यातील मजकूर बदलल्याची ‘इनपुट’. वर्गात मुलाने हात वर करणे आणि उत्तर देणे यांत जो भेद, तोच येथे. अँड्रॉइड भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील कळफलकावर लिहिताना पहिल्या वार्तेत पुष्कळदा खऱ्या कळीऐवजी २२९ हाच क्रमांक येतो. बोलून लिहविलेल्या मजकुरात तर कळ दाबलेलीच नसते. म्हणून तपासणी ‘इनपुट’वर करणे इष्ट. रोमन अक्षरांवरून देवनागरी शब्द जुळविणारी साधने वापरात असली, तर शब्द पुरा झाल्याची ‘कॉम्पोझिशनएंड’ ही वार्ता येईपर्यंत थांबावे. अर्धवट शब्दावर शेरा मारू नये.

भ्रमणध्वनी क्रमांक देवनागरी अंकांत लिहिला असता ‘क्रमांक चुकीचा’ असे उत्तर येते, तेव्हा शिक्षकाने उगाच स्वतःस दोष देऊ नये. जावास्क्रिप्टमधील अंक ओळखण्याची नेहमीची खूण केवळ इंग्रजी अंकच ओळखते. युनिकोडमध्ये देवनागरी ० चा क्रमांक २४०६ व ९ चा २४१५ आहे. चिन्हाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक हाती येतो. एवढ्या वजाबाकीसाठी अर्ज परत पाठविण्याचे कारण नाही.

नवा अर्ज आल्यास प्रथम जोडाक्षरांचे एखादे लांब नाव भरून, जतन करून, पुन्हा उघडून पाहावे. चिन्ह गळाले असल्यास रकान्याचे नाव आणि भरलेला मूळ शब्द, दोन्ही लेखी कळवावेत.