बोंडअळी, बीटी जनुक आणि शेजारधर्म

जनुकशास्त्राने शेतकऱ्याच्या हाती मोठे साधन दिले आहे. ते कसे वापरावे, हा प्रश्न शास्त्राइतकाच नीतीचाही आहे. कपाशीचा अनुभव हाच त्याचा पाठ होय.

जनुकाचे कार्य : जमिनीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा जिवाणू असतो. त्याचे जनुक कपाशीत घातल्याने झाडातच बोंडअळीस मारक प्रथिन तयार होते. अशा कपाशीस भारतात २००२ मध्ये, तर दोन जनुकांच्या वाणांस २००६ मध्ये मान्यता मिळाली. बोंडअळीसाठीच्या फवारण्या घटल्या. त्यामुळे मित्रकीटकांस व फवारणी करणाऱ्या मजुरांस दिलासा मिळाला. मावा, तुडतुडे यांवर मात्र या जनुकाचा परिणाम होत नाही.

आश्रय ओळींचे प्रयोजन : असंख्य अळ्यांत एखादी या विषाला न जुमानणारी असते. तिच्या पतंगाचा संयोग बिगर-बीटी झाडावर वाढलेल्या साध्या पतंगाशी झाला, तर संतती बहुधा बीटी झाडावर मरते. यास्तव भोवती पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, यांपैकी जे अधिक असेल तेवढे बिगर-बीटी लावण्याचा दंडक घालण्यात आला. हिरवी बोंडअळी तूर व हरभऱ्यावरही जगते. गुलाबी बोंडअळी मुख्यतः कपाशीवरच जगते. म्हणून तिच्यासाठी या ओळी विशेष आवश्यक होत्या.

पुष्कळांनी त्या लावल्या नाहीत. अल्पभूधारकास ओळींचे नुकसान स्वतःचे दिसते, लाभ मात्र साऱ्या शिवाराचा असतो. हे त्यास नीट समजावून सांगणे विक्रेत्याचे व आपणा कार्यकर्त्यांचेही कर्तव्य होते.

परिणाम : गुलाबी बोंडअळीने प्रथम एका व नंतर दोन्ही जनुकांस दाद देणे सोडले. २०१७ मध्ये महाराष्ट्रात तिने कपाशीची मोठी हानी केली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. याउलट अमेरिकेतील ॲरिझोनात आश्रय पीक नियमाने राखले गेले व पुढे वांझ पतंगही सोडण्यात आले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कपाशी क्षेत्रातून या अळीचे उच्चाटन झाल्याचे तेथील कृषी खात्याने जाहीर केले.

आज करावयाची कामे :
१. मान्यता नसलेले, चोरून विकले जाणारे बियाणे घेऊ नये. बिगर-बीटी बी टाकून देऊ नये.
२. एकरी दोन कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आढळले, तरच सल्ल्याने फवारणी करावी.
३. डोमकळ्या वेचून अळीसह नष्ट कराव्यात.
४. फरदड घेऊ नये. पऱ्हाट्या वेळेवर काढून नष्ट कराव्यात.
५. फवारणाऱ्यास हातमोजे, मुखपट्टी व चष्मा द्यावा. वाऱ्याविरुद्ध फवारू नये.

पतंगास बांध ठाऊक नसतो. एका शेतातील फरदड शेजाऱ्याच्या पुढील हंगामास भोवते. यास्तव ही कामे एकट्याने न करता गावाने एकत्र बसून ठरवावीत व एकाच वेळी पार पाडावीत.