पासपोर्ट न लागणारी सीमा : भारत-नेपाळ करार वर्गात शिकवताना



शेजारी देश शिकवताना आपण बहुतेक जण नकाशा, राजधानी, चलन एवढं सांगून मोकळे होतो. मीही तेच करायचो. यंदा सहावीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, माझे पप्पा नेपाळचे आहेत. त्यांच्याकडे पासपोर्ट नाही, मग ते इथं कसे राहतात?" वर्ग हसला, कारण त्याच्या वडिलांना सगळे 'गुरखा' म्हणूनच ओळखतात. मला धड उत्तर देता आलं नाही. नंतर वाचून जे समजलं ते मांडतो.

उत्तर आहे ३१ जुलै १९५० च्या शांतता व मैत्री करारात. त्याच्या सातव्या कलमानुसार दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता घेणं, व्यापार करणं, ये-जा करणं याची मोकळीक द्यायची असं ठरलं. म्हणून सुमारे १,७५० किलोमीटरची ही सीमा जमिनीवरून ओलांडायला या दोन देशांच्या लोकांना पासपोर्ट-व्हिसा लागत नाही. म्हणजे या मुलाचे वडील कुणाच्या मेहरबानीवर नाही, करारानुसार इथं राहतात. हे वर्गात मुद्दाम मोठ्याने सांगा.

पण हा करार नुसत्या प्रेमापोटी झाला नव्हता. १९४९ मध्ये चीनमध्ये साम्यवादी सत्ता आली होती आणि दिल्लीला हिमालयाची काळजी लागली होती. म्हणून शेजारी देशाशी गंभीर तंटा झाला तर एकमेकांना कळवायचं, हेही करारात आलं. सही भारताकडून राजदूताने केली आणि नेपाळकडून थेट पंतप्रधान मोहन शमशेर राणा यांनी. नेपाळमध्ये अजूनही याला असमान करार म्हणतात. त्यांचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटत नाही.

आता व्यापार. नेपाळ भूवेष्टित आहे, त्याला समुद्र नाही. हे समजायला एक खेळ घ्या. एका मुलाला भिंतीकडच्या कोपऱ्यात बसवा आणि सांगा, पाणी प्यायला जायचं तर शेजारच्याच्या बाकावरूनच जायचं. "त्याने वाट दिली नाही तर?" मुलं लगेच भांडायला लागतात! मग सांगा, १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात भूवेष्टित देशांना समुद्रापर्यंत वाट मिळण्याचा हक्क आहे, पण कुठून, कशी, हे शेजाऱ्याशी बोलूनच ठरवावं लागतं. नेपाळची ती वाट मुख्यतः रक्सौलहून कोलकात्याच्या बंदराकडे जाते, अंतर सुमारे ७०० किलोमीटर.

१९८९ मध्ये ही बोलणी फिसकटली. व्यापार आणि माल-वाहतूक या दोन्हींसाठी भारताला एकच करार हवा होता, नेपाळला वेगवेगळे हवे होते. त्यातच आदल्या वर्षी नेपाळने चीनकडून शस्त्रं घेतली होती, त्याची नाराजी होतीच. मार्चमध्ये जुन्या करारांची मुदत संपली आणि दोन सोडून बाकीचे माल-वाहतुकीचे नाके बंद झाले. नेपाळात रॉकेल, पेट्रोलची टंचाई झाली. लोकांनी सरपणासाठी झाडं तोडली. दोन्हीकडे नवी सरकारं आल्यावर १९९० मध्ये कोंडी सुटली आणि १९९१ मध्ये नेपाळला हवे तसे दोन वेगळे करार झाले. चूक कुणाची, हे मी मुलांना सांगत नाही. दोन गट करून दोन्ही बाजू मांडायला लावतो. आपल्या मुलांना नेपाळची बाजू मांडायला जड जातं, म्हणून तो गट हुशार मुलांचा ठेवा.

१९५० च्या कराराचा फेरविचार करायला २०१६ मध्ये दोन्ही देशांचे चार-चार सदस्य घेऊन एक गट नेमला गेला. भारताच्या बाजूचे प्रमुख होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपले राज्यपाल झाले. (मुलांना हे नाव ओळखीचं वाटतं, तास लगेच रंगतो.) २०१८ मध्ये अहवाल तयार झाला, पण पुढे त्यावर काही हाललं नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर त्या मुलाला मी नकाशाजवळ बोलावलं. आपल्या गावाची वाट त्याने स्वतः दाखवली : मुंबई, गोरखपूर, सोनौली. "तिथून चालत पलीकडं जातो आम्ही, सर," म्हणाला. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "आम्हाला पण जाता येतं का?" त्याचं उत्तर त्यानेच दिलं.