सुवर्णपदक कोणत्या जोडीला?



वार्षिक परीक्षा जवळ आली की वर्गात एक चर्चा हमखास रंगते : यंदा पहिला नंबर कोणाचा? एक म्हणतो, "सहामाहीत ती पुढे होती." दुसरा म्हणतो, "पण चाचणीत तो तिच्या पुढे गेला होता." मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेआधी जगभरचे क्रीडाप्रेमीही असाच वाद घालत असतात. असे भाकीत शास्त्रीय रीतीने करता येईल काय? आणि केलेच, तर त्यावर किती विश्वास ठेवावा?

हे समजून घेण्यासाठी एक खरे उदाहरण घेऊ. फेब्रुवारी २०१८. दक्षिण कोरियात प्याँगचांग येथील हिवाळी ऑलिंपिक सामने. खेळ : बर्फावरील फिगर स्केटिंग, जोड्यांची स्पर्धा.

खेळ कसा असतो?

या खेळात एक पुरुष आणि एक स्त्री अशी जोडी संगीताच्या तालावर बर्फावरून सरकत कसरती करते. त्याच्या बुटाखाली पोलादी पाते असते, तिच्याही. त्या पात्याची जाडी सुमारे ४ मिलिमीटर! पुरुष जोडीदारणीला डोक्यावर उचलून धरतो, कधी तिला हवेत फेकतो. ती गिरक्या घेत खाली येते आणि एका पायावर, पाठमोरी, बर्फावर उतरते. शिवाय दोघांनी शेजारी-शेजारी, एकाच वेळी, सारख्या उड्या घ्यायच्या असतात.

स्पर्धेचे दोन भाग असतात. पहिल्या दिवशी छोटा कार्यक्रम, दुसऱ्या दिवशी मोठा, म्हणजे मुक्त कार्यक्रम. दोन्हींच्या गुणांची बेरीज करून क्रमांक ठरतो.

पाऊण सेकंदाचा हिशेब

आता फेकीच्या उडीकडे जरा बारकाईने पाहू, कारण भाकिते चुकतात ती अशाच ठिकाणी. समजा, फेकलेली खेळाडू ०.८ सेकंद हवेत राहते. त्यातला निम्मा काळ वर जाण्यात आणि निम्मा खाली येण्यात जातो. नववीत शिकलेल्या गतीच्या समीकरणांवरून तुम्हीच असे सूत्र काढू शकाल :

उंची = गुरुत्वत्वरण × (हवेतील काळ)² ÷ ८

गुरुत्वत्वरण ९.८ धरले, तर उंची येते ०.७८ मीटर. म्हणजे तिचा गुरुत्वमध्य ७८ सेंटिमीटर वर उचलला गेला पाहिजे.

हवेत तिला ३ फेऱ्या पुऱ्या करायच्या आहेत. हात छातीशी घट्ट घेतले की फिरण्याचा वेग वाढतो. हात जवळ आल्याने शरीराचे वस्तुमान अक्षाजवळ येते, कोनीय संवेग मात्र कायम राहतो, म्हणून वेग वाढलाच पाहिजे. फिरत्या खुर्चीवर बसून तुम्ही हे अनुभवले असेल. समजा, हा वेग सेकंदाला ४ फेऱ्या आहे. मग ३ फेऱ्यांना ०.७५ सेकंद लागतील. उरले किती? फक्त ०.०५ सेकंद! एवढ्यात तिने हात पसरून वेग कमी करायचा आणि पाय नेमका टेकवायचा.

आता फेक किंचित कमी पडली आणि ती ०.७५ सेकंदच हवेत राहिली असे धरा. उंची येते ०.६९ मीटर. फरक सुमारे साडेनऊ सेंटिमीटरांचा, म्हणजे अर्धी वीतसुद्धा नाही. पण तेवढ्याने हात पसरायला वेळच उरत नाही. ती पुऱ्या वेगाने फिरतच बर्फावर आदळते आणि तोल जातो. फेक याहूनही कमी पडली, तर फेरीच अपुरी राहते. वरचे आकडे सोयीसाठी घेतले आहेत, पण ते वास्तवाच्या जवळचे आहेत. वर्षानुवर्षे सराव केलेल्या जोडीचीही उडी केव्हा केव्हा का फसते, ते यावरून ध्यानात येईल.

गुण कसे मोजतात?

२००२ साली सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्याच स्पर्धेत पंचांच्या निकालावरून मोठा वाद झाला. अखेर रशियाच्या आणि कॅनडाच्या अशा दोन्ही जोड्यांना सुवर्णपदक द्यावे लागले. त्यानंतर सहापैकी गुण देण्याची जुनी रीत गेली आणि नवी पद्धत आली. नव्या पद्धतीत प्रत्येक कसरतीला ठराविक मूळ गुण असतात. २०१८ च्या त्या स्पर्धेत साल्काव्ह नावाच्या उडीला तीन फेऱ्यांसाठी ४.४ गुण होते, तर दोन फेऱ्यांसाठी १.३. ऐन वेळी एक फेरी कमी घेतली की ३.१ गुण गेलेच!

कसरत किती सफाईने झाली, यासाठी नऊ पंच गुण वाढवतात किंवा कमी करतात. त्या वेळी उणे ३ ते अधिक ३ अशी मोजपट्टी होती. २०१८-१९ च्या मोसमापासून ती उणे ५ ते अधिक ५ झाली. नऊ जणांपैकी सर्वांत मोठा एक आकडा आणि सर्वांत लहान एक आकडा वगळून उरलेल्या सातांची सरासरी काढतात. समजा, पंचांनी ३, २, २, ३, १, २, ३, २, २ असे गुण दिले. एक ३ आणि १ वगळा. उरलेल्यांची बेरीज १६, सरासरी २.२९. एखाद्या पंचाने पक्षपात केला किंवा त्याची नजर चुकली, तरी निकाल फारसा बिघडू नये, हा यातला हेतू.

आता भाकीत करा

स्पर्धेआधी दोन जोड्यांची नावे विशेष चर्चेत होती. एक चीनची सुई वेनजिंग आणि हान त्सोंग यांची. २०१६ साली पायांवर शस्त्रक्रिया होऊनही सुई परत आली होती आणि २०१७ साली ही जोडी जगज्जेती ठरली होती. दुसरी जोडी जर्मनीची, आल्योना साव्हचेन्को आणि ब्रुनो मासो यांची. साव्हचेन्को ३४ वर्षांची, आणि ही तिची पाचवी ऑलिंपिक. आधीच्या जोडीदाराबरोबर २०१० आणि २०१४ साली तिला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले होते.

दोन मोठ्या स्पर्धांतील त्यांचे गुण पाहा :

२०१७ ची जागतिक स्पर्धा : चीन २३२.०६, जर्मनी २३०.३०
डिसेंबर २०१७ ची ग्रां प्री अंतिम स्पर्धा : चीन २३०.८९, जर्मनी २३६.६८

सरासरी काढली तर चीनची सुमारे २३१.५ आणि जर्मनीची सुमारे २३३.५. मग जर्मनी जिंकणार म्हणावे काय? थांबा! जर्मन जोडीच्या दोन आकड्यांतच सहाहून अधिक गुणांचा फरक आहे, आणि चीनचे दोन्ही आकडे त्यांच्या मधे बसतात. जोड्यांमधला फरक एकाच जोडीच्या चढउतारापेक्षा लहान असेल, तर त्या फरकावरून विजेता सांगणे योग्य नव्हे. तिसऱ्या एका जोडीचे पाहा. कॅनडाच्या मेगन ड्युहामेल आणि एरिक रॅडफर्ड यांना डिसेंबरच्या त्या स्पर्धेत २१०.८३ गुण होते. दोन महिन्यांनी ऑलिंपिकमध्ये त्यांनीच २३०.१५ गुण मिळवून कांस्यपदक घेतले!

प्रत्यक्षात काय झाले?

छोट्या कार्यक्रमात मासोने नेमकी तिहेरी साल्काव्हऐवजी दुहेरी उडी घेतली. चीन ८२.३९ गुणांनी पहिला, जर्मनी ७६.५९ गुणांनी चौथी. तूट ५.८० गुणांची. साव्हचेन्कोचे स्वप्न याही वेळी अपुरे राहणार असे अनेकांना वाटले असेल.

दुसऱ्या दिवशी जर्मन जोडीने मुक्त कार्यक्रमात १५९.३१ गुण मिळवले. हा तेव्हाचा जागतिक उच्चांक होता. चीनच्या जोडीकडून शेजारी-शेजारी घ्यायच्या उड्यांत चुका झाल्या, तिला १५३.०८ गुण मिळाले. आता तुम्हीच वजाबाकी करा. जर्मनीने ६.२३ गुण भरून काढले, तूट ५.८० ची होती. सुवर्णपदक ०.४३ गुणांनी जर्मनीला!

चार वर्षांनी, २०२२ साली बीजिंगमध्ये, सुई आणि हान पुन्हा उतरले. त्यांना २३९.८८ गुण मिळाले आणि रशियाच्या येवगेनिया तारासोवा व व्लादिमिर मोरोझोव्ह यांना २३९.२५. या वेळी सुवर्णपदक ०.६३ गुणांनी चीनच्या जोडीला मिळाले.

मग भाकीत करूच नये काय? करावे, पण "हीच जोडी जिंकेल" असे नव्हे. "या दोन जोड्या बाकीच्यांच्या पुढे दिसतात, दोघींत मात्र निवड करण्याइतका पुरावा आपल्याजवळ नाही" असे म्हणावे. हवामानाचा अंदाज असो की प्रयोगशाळेतील मोजमाप, आकड्याबरोबर त्याचा संभाव्य चढउतार सांगणे हाच शास्त्राचा प्रामाणिकपणा होय. आणि मागचे आकडे थोडे कमी असलेल्या विद्यार्थ्यानेही यातून धीर घ्यायला हरकत नाही!

करून पाहा

१. एका विषयातील तुमच्या गेल्या पाच चाचण्यांचे गुण लिहा. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांतील फरक काढा. तुमच्या मित्राच्या आणि तुमच्या सरासरीतील फरक त्याहून मोठा आहे काय?

२. खेळाडू ०.७ सेकंद हवेत राहिली, तर उंची किती? सेकंदाला ४ फेऱ्या या वेगाने तिच्या किती फेऱ्या होतील?

(उत्तर २ : सुमारे ६० सेंटिमीटर, २.८ फेऱ्या.)