ग्रंथालयातील माणसे

मंडळी, तुम्ही आता अक्षरे जोडून वाचू लागला आहात. घरात एखादे पुस्तकही आले असेल. एक पुस्तक सांभाळणे सोपे. पण एकाच इमारतीत हजारो पुस्तके असली, तर हवे ते पुस्तक सापडते कसे? ती सांभाळतो कोण? ते आज पाहू.

अकोल्याचे कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झाले. त्याला डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव आहे. भाऊसाहेब आपल्याच पापळ गावचे. पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले. अमरावतीचे विद्यापीठ १ मे १९८३ रोजी स्थापन झाले. त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. बाबा शाळेत गेले नव्हते. हाती खराटा घेऊन त्यांनी गावे झाडली आणि पोटाला कमी खा, पण पोरांना शिकवा, असे लोकांना सांगितले. अशा माणसाचे नाव विद्यापीठाला आहे, हे आपण ध्यानात ठेवावे.

विद्यापीठ म्हटले की ग्रंथालय आलेच. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्याला 'ज्ञानस्रोत केंद्र' म्हटले आहे. नाव मोठे झाले, तरी काम तेच. पुस्तक आणायचे, ठेवायचे, द्यायचे आणि परत घ्यायचे.

आता एका पुस्तकाची वाट पाहू. नवे पुस्तक आले की त्याचा दाखल क्रमांक लिहितात. शाळेत मुलाचे नाव दाखल करतात ना, तसेच हे. दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाला तो क्रमांक मिळत नाही. नंतर पुस्तक कशाविषयी आहे, ते जाणकार कर्मचारी पाहतो. त्याप्रमाणे त्याला विषयाचा आकडा देतो. त्याला वर्गांक म्हणतात. मग पाठीवर चिठ्ठी चिकटते, शिक्का बसतो, संगणकात नोंद होते, आणि पुस्तक मांडणीवर जाते.

आकड्याची ही एक रीत अमेरिकेतल्या मेलविल ड्यूई यांनी १८७६ साली छापली. गाडगेबाबांचा जन्मही त्याच सालचा! ड्यूई यांनी सगळ्या ज्ञानाचे दहा भाग केले. शेतीला ६३० हा आकडा आला. त्यात कापसाचा आकडा ६३३.५१ आणि उसाचा ६३३.६१.

इथे एक गंमत आहे. ६३३.५१ आणि ६३३.६ अशी दोन पुस्तके आहेत. आधी कोणते ठेवाल? कोणी म्हणेल, ५१ मोठे, ६ लहान. म्हणून ६ आधी. पण ते चूक. टिंबानंतरचा आकडा पैशासारखा समजा. .५१ म्हणजे एक्कावन्न पैसे. .६ म्हणजे साठ पैसे. म्हणून कापूस आधी. रोज शेकडो पुस्तके जागेवर लावणाऱ्या परिचराला हा हिशेब बोटांवर असतो. त्याने पुस्तक दोन कप्पे पलीकडे ठेवले, तर ते चोरीला न जाताही हरवते! नोंद म्हणते पुस्तक आहे, आणि मांडणीवर ते मिळत नाही.

यावरून कळेल की ग्रंथालय एकट्या मोठ्या साहेबाचे नसते. ग्रंथपाल ग्रंथालयशास्त्र शिकलेला असतो. कोणती पुस्तके घ्यायची, पैसा कसा वापरायचा, हे तो पाहतो. देवघेवीच्या खिडकीवरचा माणूस पुस्तक देतो व घेतो. परिचर मांडणी लावतो. बांधणी करणारा फाटक्या पुस्तकाला नवी पाठ देतो. झाडणारी बाई धूळ काढते. वऱ्हाडातला उन्हाळा कडक. कागद वाळून ठिसूळ होतो. पावसाळ्यात ओल येते, मागून कसर आणि वाळवी. धूळ, ओल आणि वाळवी यांच्याशी रोजची लढाई ही माणसे लढतात. त्यांचे नाव कुठल्या पुस्तकावर छापलेले नसते.

त्यांचे काम कुणाच्या उपयोगी पडते? समजा, दर्यापूरकडचा एक पोरगा आला. त्याचे गाव खारपाणपट्ट्यात. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना हा पट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. विहिरीचे पाणी खारे. ते पिकाला दिले तर जमीन बिघडते. पोरगा भीतभीत खिडकीशी येतो.

"काका, आमच्या गावचं पाणी खारं हाय. त्यावर काई पुस्तक भेटन काय?"

"भेटन ना बाप्पा. पाण्यावर पाहिजे का जमिनीवर?"

"दोन्हीवर पाहिजे."

"मंग असं कर, या दोन मांडण्या पाह्य. अन् या विषयावर पोरांनी प्रबंध लिहिले हायेत, तेबी काढून देतो."

काकांनी एकच प्रश्न उलटून विचारला. पण त्या प्रश्नाने पोराचा अर्धा दिवस वाचला. हीच खरी ग्रंथालयाची विद्या. ती शिकवणारे मोठे गुरू म्हणजे डॉ. रंगनाथन. ते गणिताचे शिक्षक होते. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांचे सार असे, की पुस्तक कुलपात ठेवण्यासाठी नाही, वाचण्यासाठी आहे. वाचकाला त्याच्या कामाचे पुस्तक मिळावे. आणि त्याचा वेळ फुकट जाऊ नये. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस. तो आपल्या देशात ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात.

आता संगणक आला. पुस्तकावर काळ्या रेघांची पट्टी असते. ती यंत्रासमोर धरली की नोंद होते. विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या भांडारात, आणि शेतीचे प्रबंध 'कृषिकोश' या भांडारात ठेवतात. मग लोक म्हणतात, आता माणसे कशाला? पण यंत्र खारपाणपट्ट्याच्या पोराला उलट प्रश्न विचारून त्याची भीती घालवत नाही. चुकीच्या कप्प्यातले पुस्तक उचलून जागेवर ठेवत नाही.

एक गोष्ट मात्र उघड बोलली पाहिजे. पुष्कळ ग्रंथालयांत माणूस निवृत्त झाला की त्याची जागा लवकर भरत नाहीत. काम कंत्राटावर किंवा रोजंदारीवर भागवतात. वीस वर्षे मांडणीत वावरलेल्या माणसाला कोणते पुस्तक कुठे आहे, ते डोळे मिटून सांगता येते. तो गेला आणि त्याच्या हाताखाली कोणी शिकला नाही, तर ते ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. इमारत बांधायला पैसा लागतो, तसा माणूस तयार करायला वेळ लागतो. बी पेरल्याशिवाय पीक कसे येईल?

तुम्ही म्हणाल, विद्यापीठ आमच्यासाठी नाही. तिथल्या प्रवेशाचे नियम असतात, ते दारावर विचारावे. विचारायला पैसा पडत नाही. आणि सार्वजनिक ग्रंथालये तर सर्वांचीच आहेत. महाराष्ट्रात १९६७ साली त्यांचा कायदा झाला. त्यातून गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळते. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी ग्रंथालय असते. तिथेही असेच एक काका किंवा ताई खिडकीवर बसलेली असते. त्यांना आपली अडचण सांगावी. पान दुमडू नये, थुंकी लावून उलटू नये. काढलेले पुस्तक आपल्या मनाने कप्प्यात घालू नये, टेबलावरच ठेवावे. आणि जाताना दोन शब्द गोड बोलावे.

नवे शब्द
ग्रंथपाल – ग्रंथालयाचा प्रमुख.
परिचर – पुस्तके जागेवर लावणारा कर्मचारी.
वर्गांक – विषय सांगणारा आकडा.
देवघेव – पुस्तक देणे आणि परत घेणे.

प्रश्न
१. दाखल क्रमांक आणि वर्गांक यांत फरक काय?
२. ६३३.६, ६३३.५१, ६३० हे आकडे क्रमाने लावा.
३. चोरी न होताही पुस्तक कसे हरवते?
४. तुमच्या गावाजवळचे वाचनालय कुठे आहे? तिथे जाऊन एका पुस्तकाचे नाव व आकडा वहीत लिहून आणा.