मुका वाटाड्या

अपरिचित प्रदेशातून जाणाऱ्या प्रवाशास पूर्वी गावातील एखादा माहीतगार मनुष्य वाटाड्या म्हणून बरोबर घ्यावा लागे. आज ते काम बहुधा वाटेच्या फाट्यावर उभा असलेला फलक करतो. तो बोलत नाही, मोबदला मागत नाही. पण ज्याने ते रान कधी पाहिले नाही त्यासही दिशा दाखवितो.

आपल्या भंडारा जिल्ह्यात रानवाटा पुष्कळ आहेत. तुमसर तालुक्यातील अंबागड किल्ला सातपुड्याच्या टेकडीवर आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याच्या अमदानीत, सन १७०० च्या सुमारास तो बांधला गेला. कोका येथील जंगलास २०१३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. अशी स्थळे पाहण्यास तरुण मंडळी जातात, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु भटकंतीस निघालेल्यांपैकी काही जण वाटेतील फलकांवर आपले नाव, गाव व तारीख खिळ्याने कोरून येतात.

यात एवढे काय बिघडले, असे तुम्ही विचाराल. मुलांनो, पत्र्यावरील रंग हा केवळ शोभेसाठी नसतो. तो पत्र्याचे कवच असतो. ओरखड्यातून पाणी शिरते, गंज चढतो व तो रंगाखाली पसरत जातो. हळूहळू अक्षरे झडतात आणि बाणही दिसेनासा होतो. मग दिवेलागणीच्या सुमारास फाट्यावर आलेल्या परक्या वाटसरूने गावाची वाट कोणती व बिबट्याच्या रानाची कोणती, हे कसे ओळखावे?

कोणी म्हणेल, पवनीस जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले. तेथील प्राचीन बौद्ध स्तूपाच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत माणसांची नावे आढळली. ती आपण आदराने वाचतो. मग आमच्याच नावांना दोष का? याचे उत्तर सोपे आहे. ती दात्यांची नावे आहेत. त्यांनी स्तूपासाठी दान दिले आणि त्या दानाची नोंद दगडावर राहिली. याउलट १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात, प्राचीन चित्र असलेल्या स्तंभावर आपले नाव कोरले. तेही टिकले आहे. पण चित्र बिघडविणाऱ्याचे नाव म्हणूनच!

फलकांची निगा राखणे हे ते उभारणाऱ्यांचे कर्तव्य आहे, यात शंका नाही. पुष्कळदा फलक जुना होतो किंवा त्याचा बाण भलतीकडे वळतो. अशा वेळी सद्‌हेतूनेही त्यावर दुरुस्ती लिहू नये. खरी सूचना कोणती व थट्टा कोणती, हे पुढच्यास कळणार नाही. ते स्थळ टिपून वनरक्षकास अथवा ग्रामपंचायतीस कळवावे. अभयारण्याच्या सीमाचिन्हांची हेतुपुरस्सर नासधूस करणे हा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अपराधच आहे.

तथापि कायद्याच्या भयापेक्षा एक विचार मनात असावा. फलक आपल्यासाठी जितका आहे तितकाच आपल्यामागून येणाऱ्यासाठीही आहे. त्याला आपण पाहिलेले नाही. पण त्याची वाट आपल्या हाती आहे.

स्वाध्याय
१. फलकावरील ओरखड्याचा परिणाम कसा वाढत जातो?
२. पवनी व अजिंठा येथील नावांत लेखकाने कोणता भेद दाखविला आहे?
३. तुमच्या गावातील एका फलकाची पाहणी करून त्याच्या स्थितीविषयी ग्रामपंचायतीस पत्र लिहा.